यिर्मया नबीचे पत्र : आशेचा एक धडा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या परीक्षेत आमच्या वर्गातील एक मुलगी गणितात नापास झाली. तिच्या ख्रिस्ती मैत्रिणीने तिला धीर देण्यासाठी एक छोटे छापील कार्ड दिले. त्यावर बायबलातील एक वचन होते. देवाने तुमच्यासाठी जे योजिले आहे ते हिताचेच आहे, पुढे चांगले दिवस आहेत, आशा आहे, असा त्याचा आशय. मुलीची आई ते कार्ड घेऊन शाळेत आली व मला म्हणाली, "सर, हे आमच्या पोरीसाठीच लिहिले आहे असे समजायचे ना?"

मी "हो, हो" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर मनाला चुटपुट लागली. मी इतिहास शिकविणारा शिक्षक. कोणतेही वचन कोणी, कोणास, केव्हा व कशासाठी सांगितले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, असे वर्षानुवर्षे मुलांना सांगतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी तसे केले नाही. त्या आईला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहे. आपल्या ट्रस्टच्या कार्याशीही या विषयाचा जवळचा संबंध आहे, हे वाचकांस शेवटी पटेल अशी आशा आहे.

पत्राचा प्रसंग

ते वचन यिर्मया या हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथातील २९व्या अध्यायात आहे. आम्ही मुसलमान त्याला इर्मिया म्हणतो. कुराणात त्याचे नाव आलेले नाही. परंतु सूरह बकरामध्ये एका उजाड गावावरून जाणाऱ्या माणसाची कथा आहे. हे गाव पुन्हा कसे जिवंत होईल, असा प्रश्न त्याला पडतो आणि शंभर वर्षांनी उठवून त्याला त्याचे उत्तर दाखविले जाते. हा माणूस उझैर असावा असे काही भाष्यकार म्हणतात, तर काही जण तो इर्मियाच असावा असे मानतात. उजाड गाव आणि आशा यांच्याशी या नबीचे नाव असे आमच्याकडेही जोडले गेले आहे.

आता इतिहास पाहू. यहूदा हे यरुशलेमभोवतीचे लहानसे राज्य. एका बाजूस मिसर आणि दुसऱ्या बाजूस बाबेल, अशा दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत ते सापडले होते. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. बाबेलच्या राजवृत्तांताची मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिचे वाचन १९५६ साली प्रसिद्ध झाले, आणि तीवरून हा दिवस त्या वर्षीच्या १६ मार्चचा ठरतो. अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन गादीवर बसून जेमतेम तीन महिने झाले होते. त्याला, त्याच्या आईला, दरबाऱ्यांना आणि लोहार-सुतारांसारख्या कारागिरांना बाबेलला नेण्यात आले. यिर्मयाच्या ग्रंथात या पहिल्या खेपेची संख्या ३,०२३ दिली आहे. नबुखद्नेस्सराने मागे सिद्कीया नावाचा आपल्या मर्जीतला राजा बसविला. मंदिर अजून उभे होते. म्हणूनच लोकांना वाटे की, हे संकट चार दिवसांचे आहे.

दोन नबी, दोन आशा

या वाटण्याला खतपाणी घालणारा हनन्या नावाचा एक नबी होता. भर मंदिरात त्याने जाहीर केले की, दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि राजा, माणसे व लुटून नेलेली भांडी सारे परत येईल. यिर्मया त्या काळी गळ्यात लाकडी जू घालून हिंडत असे. ते जू हनन्याने काढून सर्वांदेखत मोडून टाकले.

यिर्मयाने काय केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रथम तो "आमीन" म्हणाला. तसे झाले तर बरेच होईल, असेही म्हणाला. दोन वर्षांत सुटका व्हावी, असे त्यालाही का वाटत नसेल? पण लोकांना जे ऐकावयास हवे तेच सांगणाऱ्या नबीची परीक्षा त्याचे बोलणे खरे ठरते की नाही यावरच होते, एवढे बोलून तो निघून गेला. पुढे त्याला हनन्याला स्पष्ट सांगावे लागले की, लाकडाचे जू मोडून तू लोखंडाचे घडविलेस. खोट्या आशेचे वर्णन याहून नेमके क्वचितच कोणी केले असेल. दोन वर्षांचा वायदा ऐकून लोक बंडाच्या गोष्टी बोलू लागले, सिद्कीया बंड करून बसला, आणि इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळले व मंदिरही पाडले.

बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले ते या दोन घटनांच्या मधल्या काळात. एलासा व गमऱ्या हे दोघे राजाच्या कामासाठी बाबेलला निघाले होते. त्यांच्याच हाती ते पाठविले.

पत्रात काय होते?

कार्डावरचे वचन या पत्राच्या मध्यावर येते. त्याआधी पत्र निराळेच बोलते. परक्या मुलखात घर बांधण्यास कचरू नका, असे यिर्मया लिहितो. बाग लावावी, तिची फळे चाखावी. लग्ने करावी, मुलांची लग्ने लावून द्यावी, नातवंडे पाहावी. तेथे आपली संख्या घटू देऊ नये. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की, ज्या शहरात कैदी म्हणून आणले गेले त्याच शहराचे भले चिंतावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. कारण शहर सुखी तर तुम्ही सुखी. यानंतर मुदत येते : सत्तर वर्षे. आणि मुदत सांगून झाल्यावर मग ते आशेचे वचन येते.

सत्तर वर्षे याचा अर्थ काय, हे शाळकरी मुलालाही कळेल. ज्याने हे पत्र हातात धरले त्या तिशीतल्या माणसाला परत जावयास मिळणार नव्हते. आशा खरी होती. पण ती त्याच्या नातवाच्या वाट्याची होती.

हे सर्वांना रुचले नाही हेही ग्रंथात नमूद आहे. शमाया नावाच्या एकाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडले : घरे बांधा, बागा लावा असे लिहिणाऱ्या या वेड्याला तुम्ही खोड्यात का अडकवीत नाही? म्हणजे पत्रातले जे वाक्य त्याला झोंबले ते घराचे व बागेचे.

शब्दांचा विचार

येथे तीन शब्द पाहण्याजोगे आहेत.

पहिला, 'तुम्ही'. मराठीत 'तुम्ही' दोन कामे करतो : अनेकांना उद्देशून आणि एकालाच आदराने. म्हणून मराठी कार्डावरचे 'तुमच्यासाठी' वाचून कोणाही एकाला ते आपल्यालाच लिहिले आहे असे वाटते. मूळ हिब्रूत हा घोटाळा होत नाही. तेथील 'लाखेम' हे रूप अनेकवचनीच आहे. वचन एका माणसाला नव्हे, एका समाजाला दिलेले आहे.

दुसरा, 'शालोम', आपला 'सलाम' त्याच्याच कुळातला. शांतता एवढाच त्याचा अर्थ नव्हे. धडधाकट, अभंग, क्षेमकुशल असणे असा तो आहे. शहराविषयीच्या एका वाक्यात तो तीन वेळा येतो आणि आशेच्या वचनात पुन्हा एकदा. एकाच धाग्याने ही दोन्ही वाक्ये शिवलेली आहेत. शहराचे क्षेम सोडून नुसते आपले क्षेम कापून घेता येत नाही.

तिसरा, 'आखरीत'. भवितव्य म्हणून ज्याचे भाषांतर होते तो हा शब्द. आमच्या घरातला 'आखिरत' हा शब्द त्याचाच भाऊ. मात्र आम्ही तो परलोकासाठी वापरतो. हिब्रूत त्याचा अर्थ मागाहून येणारे, मागे उरणारे असा आहे. त्याला जोडून 'तिक्वा', म्हणजे आशा. या शब्दाचा दोरी असाही अर्थ होतो. शेवट तुटलेला नाही, दोर अजून हाती आहे, असे ते सांगणे आहे.

मातीच्या पाट्यांची साक्ष

लोकांनी हे पत्र मानले का? त्याचे उत्तर बाबेलच्या मातीने दिले आहे. राजवाड्याच्या उत्खननात तेलाच्या शिध्याची नोंद असलेल्या पाट्या मिळाल्या. १९३९ साली त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन व त्याचे पाच पुत्र यांच्या नोंदी निघाल्या. कैदेतला राजाही मुलाबाळांचा धनी झाला होता! २०१४ साली आणखी पाट्यांचा एक मोठा संच प्रकाशित झाला. बाबेलच्या मुलखातील 'यहूदाचे गाव' अशा नावाच्या वस्तीचा त्यांत वारंवार उल्लेख आहे. या पाट्या इ. स. पू. ५७२ पासून पुढे सुमारे शंभर वर्षांच्या. त्यांत जव आणि खजूर यांचे हिशेब, जमिनीचे खंड, कर्जे, वाटण्या आहेत. घरे बांधली गेली, बागा लावल्या गेल्या.

सत्तर वर्षांचे गणित काटेकोर बसते का, असे विद्यार्थी विचारतात. असुरी सत्तेचा शेवट इ. स. पू. ६०९ चा व बाबेलचा ५३९ चा धरला तर सत्तर होतात; मंदिर पडल्यापासून नवे मंदिर इ. स. पू. ५१६ च्या सुमारास पुरे होईपर्यंतही सत्तरच. परंतु पहिल्या बंदिवासापासून मोजले तर कमी भरतात. सत्तर ही त्या काळी देवाच्या कोपाची ठरीव मुदत मानली जाई. असुरी राजा एसर-हद्दोन याच्या लेखातही बाबेल सत्तर वर्षे ओसाड राहावयाचे होते. देवाने अंक उलटे करून अकरा केले, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा सत्तर म्हणजे माणसाचे एक आयुष्य, असे समजणे युक्त होईल.

ग्रंथाच्या पाठाविषयीही एक शब्द. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९७५ साली तिचा सातवा खंड पुरा झाला. अनेक पोथ्या जुळवून जुना पाठ कोणता हे कसे ठरवितात, हे बडोदेकरांस नव्याने सांगावयास नको. यिर्मयाच्या ग्रंथाचीही तीच कथा. त्याचे जुने ग्रीक भाषांतर हिब्रू पाठाहून सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठी ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतील एक हिब्रू तुकडा या लहान पाठाशी जुळतो. पत्राच्या अध्यायातलीही काही वाक्ये ग्रीकमध्ये नाहीत. परंतु घर, बाग, परक्या मुलखाचे भले आणि सत्तर वर्षे या गोष्टी दोन्ही पाठांत आहेत.

मडक्यातले खरेदीखत

आशा म्हणजे काय, हे यिर्मयाने एकदा कृतीने दाखविले. यरुशलेमला शेवटचा वेढा पडला होता आणि तो स्वतः पहाऱ्यात होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणाला, अनाथोथ गावचे माझे शेत विकत घे. शत्रूच्या छावणीखाली गेलेले शेत कोण घेणार? यिर्मयाने घेतले. सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, अशी दोन्ही खते बारूखच्या हाती देऊन मातीच्या मडक्यात ठेवावयास सांगितले, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. या भूमीत पुन्हा घरे, शेते व मळे विकत घेतले जातील, असे त्याचे म्हणणे होते.

हनन्याने भविष्य सांगितले आणि जू मोडले. यिर्मयाने भविष्य सांगितले आणि पैसे मोजून दस्त केला. दोन आशांमधला फरक हाच.

मराठी मुलखात

ही दूरदेशची कथा आहे असे कोणी समजू नये. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणत, मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले. त्यांच्या मराठीत त्याचे नाव 'बिरड्याचा रोजा', कारण तो सोडताना वालाचे बिरडे खावयाचे. माझी आजी अलिबागकडची. शेजारणीच्या घरून आलेल्या बिरड्याची चव ती म्हातारपणीही सांगे. आणि त्यांचाही रोजा आणि आपलाही रोजा, याचे तिला काहीच नवल वाटत नसे. नबुखद्नेस्सराने जाळलेल्या मंदिराची आठवण अष्टागरातल्या चुलीवर शिजत होती!

या समाजानेही त्या पत्राप्रमाणेच वागून दाखविले. सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत आपले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला ते लोक 'मशीद' म्हणत. शालोम बापूजी हे बेने इस्राएल गृहस्थ जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे कारभारी झाले. हाईम सॅम्युअल केहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली; तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. १९०५ च्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन या १९२२ ते १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. शाळा मुंबईला राहिली.

आणि बाबेलात राहिलेल्यांचे काय? इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि परतीचा मार्ग मोकळा झाला. पण पुष्कळ जण गेलेच नाहीत. बगदादचे यहुदी स्वतःला त्यांचेच वंशज मानीत. त्या बगदादहून डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. पुण्याचे ससून रुग्णालय व लाल देऊळ ही त्यांच्याच दानाची नावे. बाबेलात लावलेल्या बागेचे फळ पुण्याच्या गरीब रोग्याने चाखले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इराकातील हा समाज १९५०-५१ साली बहुतांशी देश सोडून गेला. सत्तर नव्हे, सुमारे पंचवीसशे वर्षे ती बाग उभी होती.

बडोद्यात

आपण बडोद्याचे मराठी लोक तरी कोण? गायकवाडांच्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर, शाळेबरोबर आलेल्यांची मुले-नातवंडे. कोणी आपणांस कैद करून आणले नाही. तरी 'आपले गाव तिकडे' हे शब्द अजून घरोघरी ऐकू येतात. या शहराचे भले करणारे कितीतरी जण असेच बाहेरून आले. मौलाबक्ष उत्तरेकडून आले आणि १८८६ साली येथे संगीतशाळा उभी राहिली. उस्ताद फैयाज खाँ आग्ऱ्याच्या घराण्याचे. १९५० साली ते येथेच वारले व येथेच त्यांना माती मिळाली. २००२ सालच्या दंगलीत त्यांच्या कबरीची नासधूस झाली.

त्या वर्षी मी नुकताच बी. एड. होऊन नोकरीस लागलो होतो. त्यानंतर दहा वर्षे आम्ही भाड्याच्या घरात भिंतीला एक खिळा ठोकला नाही. बॅग भरलेली असे. कोणी म्हणत, दोन वर्षांत सारे पूर्वीसारखे होईल. कोणी म्हणत, येथे आता कधीच काही चांगले व्हावयाचे नाही. आज मला दिसते की, ही दोन्ही वाक्ये घर न बांधण्याचीच कारणे होती. अखेर एका संध्याकाळी पत्नी म्हणाली, "आपण थांबलोय, पण मुलं वाढायची थांबली नाहीत." त्यानंतर आम्ही घर घेतले. दाराशी शेवगा लावला. त्याच्या शेंगा शेजारी सर्वांकडे जातात. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा त्याने कोणाची जात विचारली नाही. आणि डबे घेऊन फिरणाऱ्या मुलांनीही विचारली नाही. शहराच्या क्षेमात आपले क्षेम आहे, हे यिर्मयाचे म्हणणे त्या दिवसांत मला पुस्तकावाचून कळले.

उपसंहार

त्या आईला आता माझे उत्तर असे : बाई, हे वचन एकट्या तुमच्या मुलीसाठी लिहिलेले नाही, पण तुमची मुलगी त्यात आहे. ती पुढच्या वेळी गणितात पास होईलच, असे ते सांगत नाही. ते सांगते की, तिच्या मागे एक समाज आहे, आणि त्याने तिच्यासाठी आज काय करून ठेवले यावर तिची आशा उभी आहे. संध्याकाळी गणित शिकविणारा कोणी, फी भरणारा कोणी, पुन्हा बस असे म्हणणारा कोणी.

आपल्या ट्रस्टच्या संस्थापकांनी ट्रस्टडीडवर सह्या केल्या, तेव्हा पहिली शिष्यवृत्ती कोणाला मिळेल हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्यापैकी कित्येक जण आज हयात नाहीत. तो दस्तही मडक्यातल्या खरेदीखतासारखाच होता. आपण आज महोत्सव करतो आहोत तो त्यांच्या आखरीतचा. आपल्या आखरीतचा महोत्सव जे करतील ती मुले आज बालवाडीत आहेत, काही जन्मावयाची आहेत. त्यांच्यासाठी मडक्यात काय ठेवावयाचे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

घरी मुलांबरोबर चर्चेसाठी तीन प्रश्न :

१. हनन्या आणि यिर्मया, दोघांनीही आशाच सांगितली. मग एकाची खोटी व दुसऱ्याची खरी का?

२. शहराचे भले म्हणजे नेमके काय? आपल्या गल्लीपुरती तीन कामे सांगा.

३. आपल्या घरातील अशी एक वस्तू, झाड किंवा कागद शोधा, जो आजोबा-आजींनी तुमच्यासाठी ठेवला. तुम्ही कोणासाठी काय ठेवाल?